कॉन्टेसाचा एसी करा, जानेवारीचा हप्ता भरू नका

कोल्हापूरहून एका वाचकांचं पत्र आलंय. वय 58, गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नोकरी, 60 ला निवृत्ती. हातात महिना 95 हजार येतात, घराचं कर्ज फिटलंय, मुलगी लग्न होऊन पुण्यात. पाच वर्षांपूर्वी त्यांनी सांगलीहून 1993 ची कॉन्टेसा क्लासिक अडीच लाखांना आणली. पत्रा, रंग, इंजिन, सीटा यांवर आणखी साडेचार लाख घातले. गाडी झकास चालते, एसी मात्र बंद. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी पावणेदोन लाखांचं कोटेशन दिलंय. प्रश्न असा: "जानेवारीत पॉलिसीचा तीन लाखांचा हप्ता आहे, त्यामुळे एसीला पैसे उरत नाहीत. सोनेतारण काढू की एफडी मोडू? मूळचाच गॅस मिळाला तर बरं. एसी चालू झाला की गाडीला पंधरा लाख सहज येतील असं ग्रुपमधले म्हणतात, म्हणजे ही गुंतवणूकच झाली. शिवाय सौ. म्हणतात, एसी झाल्याशिवाय मे महिन्यात पुण्याला या गाडीनं येणार नाही."

तीन पानांच्या पत्रात त्या पॉलिसीला एवढं एकच वाक्य मिळालंय. बाकी सगळी गाडी. पॉलिसीचे कागद सोबत जोडलेत हे बरं केलंत.

सोनं तारण ठेवू नका, एफडीही मोडू नका. एसी जरूर करा. जानेवारीचा हप्ता मात्र भरू नका. आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीवरच मी जास्त बोलणार आहे.

कागदांवरून दिसतं ते असं. जानेवारी 2025 मध्ये तुम्ही बँकेत एफडी रिन्यू करायला गेलात आणि हातात विम्याची पॉलिसी घेऊन बाहेर आलात. वर्षाला तीन लाख, दहा वर्षं. बारावं वर्ष संपल्यावर पुढची दहा वर्षं दरसाल 5 लाख 40 हजार परत. बँकेतल्या मॅडमनी पेन्सिलनं लिहून दिलेला हिशेबही तुम्ही जोडलाय: "30 भरा, 54 घ्या, 80 टक्के फायदा, गॅरंटीड." शेजारी दोनदा अधोरेखा.

ऐंशी टक्के खरे आहेत, पण एकवीस वर्षांचे. वर्षाचा दर काढला तर जेमतेम पाच टक्के पडतो. त्याच दिवशी त्याच टेबलावर जी एफडी रिन्यू व्हायची होती, तिचं व्याज याहून जास्त होतं. "पण हे करमुक्त आहे ना," असं मॅडम म्हणाल्या असतील. निवृत्तीनंतर तुमचं करपात्र उत्पन्न वर्षाला साडेपाच लाखांच्या आसपास राहील. नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत रिबेट मिळून कर शून्य होतो. जो कर लागणारच नाही, तो वाचवायला पाच टक्क्यांवर समाधान मानायचं कशाला?

दर कमी असणं हा त्यातला लहान दोष. मोठा दोष वयाचा आहे. दहा हप्त्यांपैकी दोन भरलेत. तिसरा आणि चौथा पगारातून जाईल. पाचवा येईल तेव्हा पगार थांबलेला असेल. तिथून पुढचे सहा हप्ते, म्हणजे 18 लाख, पीएफच्या पैशातून भरायचे. आणि पॉलिसीचा पहिला रुपया तुमच्या हाती कधी? वयाच्या 68 व्या वर्षी. साठ ते अडुसष्ट या आठ वर्षांत ही पॉलिसी तुमच्याकडून फक्त घेणार आहे. दोन-चार वर्षांत निवृत्त होणाऱ्या माणसाला दहा वर्षं हप्ता भरायची पॉलिसी विकणारीला तुमचं वय फॉर्मवर दिसत नव्हतं का? दिसत होतं. तिला महिन्याचं टार्गेटही दिसत होतं.

तुमचेच आकडे घेतो. निवृत्तीला पीएफ 44 लाख, ग्रॅच्युइटी 12, एफडी 8. एकूण 64. साडेसात टक्क्यांनी वर्षाला 4 लाख 80 हजार. ईपीएसची (पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची) पेन्शन महिना पाच हजार धरली (ती 58 लाच सुरू करता येते, त्यासाठी निवृत्तीची वाट बघावी लागत नाही) तर 60 हजार. आले 5 लाख 40 हजार. घरखर्च महिना 50 हजार म्हणजे वर्षाला सहा लाख. गाडी आणि आरोग्य विमा मिळून सव्वा लाख. दोन लाखांच्या आत-बाहेर तूट आहे. ती चालेल, दरवर्षी मुद्दलातून थोडं काढावं लागेल, पण 64 लाख तेवढं पेलतात. यावर तीन लाखांचा हप्ता ठेवा, तूट पाच लाखांच्या घरात जाते. सहा वर्षांत 64 मधले 18 लाख नुसते हप्त्यांना जातात. तोवर महागाई सहा टक्के धरली तर आजचा सहा लाखांचा घरखर्च दहा वर्षांनी पावणेअकरा लाख झालेला असेल, आणि तेव्हा हातात पडणाऱ्या 5 लाख 40 हजारांत निम्मंच घर चालेल. सत्त्याहत्तराव्या वर्षी मिळणाऱ्या शेवटच्या रकमेबद्दल तर बोलायलाच नको.

मग दोन हप्त्यांच्या सहा लाखांचं काय? पॉलिसी परत करायची 30 दिवसांची मुदत केव्हाच गेली. आता दोन वाटा उरतात: सरेंडर किंवा पेड-अप. सरेंडर म्हणजे पॉलिसी बंद करून मिळेल ती रक्कम आत्ताच घ्यायची. पेड-अप म्हणजे पुढे काही भरायचं नाही आणि भरलं त्या प्रमाणात घ्यायचं. दहातले दोन हप्ते भरलेत, तेव्हा 68 व्या वर्षापासून दहा वर्षं साधारण 1 लाख 8 हजार. सरेंडर केलं तर आज किती, हे शाखेत तोंडी विचारू नका. तिथे बहुधा "एक लाख ऐंशी" असं ऐकवतील, कारण दुसऱ्या वर्षात हमीचं किमान मूल्य भरलेल्या हप्त्यांच्या 30 टक्के असतं. पण ऑक्टोबर 2024 पासून विशेष सरेंडर मूल्याचे नियम बदललेत आणि तुमची पॉलिसी त्यानंतरची आहे. पेड-अप लाभांची आजची किंमत काढायची आणि हमीचं मूल्य व ही किंमत यांतलं जास्त असेल ते कंपनीनं द्यायचं. माझ्या ढोबळ हिशेबानं ते चार लाखांच्या आसपास यायला हवं. कंपनीला ईमेल करून दोन्ही आकडे लेखी मागवा. चार लाखांच्या जवळ आले तर घ्या आणि बाहेर पडा. साडेतीनच्या खाली आले तर पेड-अप ठेवा, कारण मग त्या अडकलेल्या रकमेवर पुढे आठ टक्क्यांच्या वर पडतात.

म्हणजे दोन लाख गेले. गेले. ते वाचवायला आणखी 24 लाख भरणार का, एवढाच प्रश्न आहे. त्या पुढच्या 24 लाखांवर पॉलिसी साडेपाच टक्के देते. साठाव्या वर्षी ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, सध्या 8.2 टक्क्यांनी. हा दर कायमचा नाही, पण ठेवताना जो असेल तो पाच वर्षं बदलत नाही आणि व्याज दर तिमाहीला हातात येतं. निवृत्त माणसाला तेच हवं असतं. आणि विमा संरक्षणाची काळजी करू नका. मुलगी मार्गी लागलीय, कर्ज नाही, सौभाग्यवतींच्या नावे घर आणि पीएफ आहे.

मॅडमचा पेन्सिलचा हिशेब जपून ठेवा. व्हॉट्सॲपवर त्यांनी कुठे "एफडीसारखंच" असं लिहिलं असेल तर त्याचे फोटो काढून ठेवा. सरेंडर करण्याआधी कंपनीकडे चुकीच्या विक्रीची लेखी तक्रार द्या आणि पूर्ण सहा लाख परत मागा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर विमा लोकपालाकडे जा. तुमच्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही. पैसे मिळतीलच असं मी सांगत नाही. तुमच्या सह्या सगळीकडे आहेत आणि सही करताना वाचलं नव्हतं हे त्यांच्या पथ्यावर पडतं. पण एक अर्ज लिहायला काय जातं?

हप्ता वाचला की जानेवारीत तीन लाख मोकळे होतात. त्यातले पहिले साठ-सत्तर हजार आरोग्य विम्याला. तुम्ही लिहिलंय, "कंपनीचा मेडिक्लेम आहे." तो साठाव्या वाढदिवशी संपतो. सौ.ना बीपीच्या गोळ्या सुरू आहेत. आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षा काळ असू शकतो. आज पॉलिसी घेतली तर त्यातली दोन वर्षं कंपनीच्या छत्राखाली निघून जातील. साठीला घेतली तर 63 पर्यंत देव भरवशावर. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये शून्य झालाय, तेवढा तरी दिलासा. फॉर्मवर बीपी लिहा. एजंट "राहू दे" म्हणाला तर एजंट बदला.

उरले सव्वादोन लाखांच्या वर. आता एसी.

आधी ते "गुंतवणूक" काढून टाका. सात लाख गेलेत, एसीसकट नऊ होतील. ग्रुपमधले पंधरा लाख ही मागितलेली किंमत असते, मिळालेली कुणी टाकत नाही. एसी नसला तर गिऱ्हाईक पैसे कापतं, असला म्हणून वर देत नाही. "व्हिंटेज झाली की भाव येईल" असंही लिहिलंयत. केंद्राच्या 2021 च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षं पूर्ण. 1993 ची गाडी 2043 ला तिथे पोचेल, तेव्हा तुम्ही 75 चे. आणि तशी नोंदणी केली की ती रोज चालवता येत नाही, रॅली-प्रदर्शनापुरतीच. त्याआधी 2028 ला आरसीचं नूतनीकरण आहे. वीस वर्षांवरच्या मोटारीला त्याची फी आता 10 हजार, वर पर्यावरण कर. (विकून फायदा झालाच तर स्वतःच्या वापराच्या मोटारीवर भांडवली नफ्याचा कर नाही. आधी नफा होऊ द्या.) हा तुमचा शौक आहे. शौकाला पैसे खर्च करायला माझी ना नाही, तुम्ही तीस वर्षं राबलाय. फक्त त्याला परताव्याचा मुखवटा नको.

मूळच्याच गॅसचा हट्टही सोडा. 1993 च्या गाडीत आर-12 असायचा. ओझोनमुळे तो भारतात 2010 पासून बंद आहे. त्याच्या जागी चालतो म्हणून जे डबे मिळतात, त्यांतल्या काहींत प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण असतं. म्हणजे डॅशबोर्डच्या मागे स्वयंपाकाचा गॅस. मिस्त्रींना आर-134ए वरच काम करायला सांगा. पण फक्त गॅस बदलून भागत नाही, आणि कोटेशनमध्ये मला इथेच भोक दिसतं. जुन्या यंत्रणेतलं मिनरल ऑइल नव्या गॅससोबत फिरत नाही. सगळी लाइन फ्लश करून एस्टर किंवा पॅग ऑइल घालावं लागतं. ड्रायर नवा, ओ-रिंग सगळ्या नव्या, होजपाइप बॅरिअरचे, कारण हा गॅस जुन्या रबरातून झिरपतो. कंडेन्सर पॅरलल फ्लोचा मोठा घ्या, जुन्यावर 134ए मेमध्ये गार करणार नाही. तुमच्या कोटेशनात कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कूलिंग कॉइल आहेत. होजपाइप आणि फ्लशिंगचा उल्लेख नाही. कंडेन्सरमागचा इलेक्ट्रिक पंखा नाही. रेडिएटर आणि अल्टरनेटर तपासल्याचंही कुठे दिसत नाही. इसुझूचं 1.8 इंजिन कॉम्प्रेसर ओढेल, पण कात्रज घाटात ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा वर गेला तर सौ. पुन्हा बसायच्या नाहीत. तीसेक हजार वर धरा. एकूण दोन लाख पाच हजार. हप्त्याच्या पैशात हे बसतं.

काम डिसेंबर-जानेवारीत द्या. तेव्हा एसीवाल्यांना काम कमी असतं आणि भावही ऐकतात. मार्चनंतर गेलात तर तारीखही मिळणार नाही. जानेवारीच्या पगारापर्यंत ॲडव्हान्सच द्या, एकतृतीयांशपेक्षा जास्त नको. डॅशबोर्ड बाहेर निघेल तेव्हा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि हीटरचे पाइप चांगले दिसले तरी बदलून घ्या, कारण पुन्हा खोलायची मजुरी सुट्या भागांपेक्षा जास्त. शेवटचे पैसे देण्याआधी रात्रभर व्हॅक्यूम धरून ठेवायला सांगा आणि सकाळी गेजचा काटा स्वतः बघा, हलला असेल तर कुठेतरी गळती आहे.

आणि गाडीच्या विम्यात किंमत 80 हजार लिहिलीय. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवायची असते. नव्या वायरिंगनंतर एक ठिणगी उडाली तर नऊ लाखांच्या गाडीचे 80 हजार हातात येतील. खर्चाची बिलं आणि फोटो देऊन नूतनीकरणाच्या वेळी ती वाढवून मागा. मिस्त्रींकडून पक्कं बिल घ्या, हे त्यासाठीच.