काजूगर आणि कोकम आगळाच्या पॅकिंगला हेम्प चालेल का?

तुम्ही म्हापशाहून काजूगर आणि काचेच्या बाटलीतलं आगळ कुरियरने पाठवता. प्लास्टिक पाउच आणि थर्माकोल, दोन्हींच्या जागी हेम्प (भांगेच्या कुळातलं, धाग्यासाठी लावलेलं झाड) येईल का, असं विचारलंय. थर्माकोलच्या जागी नक्की येईल. पाउचच्या जागी एकटा हेम्प गोव्यात टिकणार नाही.

हेम्पचा धागा हवेतला ओलावा ओढतो. ६५ टक्के आर्द्रतेलाच तो वजनाच्या सुमारे १२ टक्के पाणी धरतो, कापूस साडेआठ. आपल्या जुलैचं तर बोलायलाच नको. काजूगरात ओलावा ५ टक्क्यांच्या आत हवा. वर गेला की गर आधी मऊ पडतो, मग खवट होतो. म्हणून ओलावा अडवणारं पाउच आत राहू द्या, हेम्पची पिशवी वरून घाला.

‘शुद्ध हेम्प’ म्हणून विकलं जाणारं पाउच घेण्याआधी त्याचा कोपरा फाडून तासभर पाण्यात ठेवा आणि बोटांनी चोळा. लगदा सुटून पातळ पापुद्रा हातात राहिला तर आत फिल्म आहे. ती कंपोस्ट होते असं विक्रेता म्हणाला तर आयएस १७०८८ या कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या भारतीय मानकाप्रमाणे केलेली चाचणी आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र मागा. पीएलएची (वनस्पतींपासून बनवलेल्या प्लास्टिकची) फिल्म घरच्या खड्ड्यात सहजी कुजत नाही, तेही गिऱ्हाइकाला खरं सांगा.

बाटल्यांसाठी हर्ड घ्या, म्हणजे खोडाच्या आतल्या गाभ्याचे हलके तुकडे. त्यात अळंबी वाढवली की तिच्या तंतूंनी ते एकमेकांना घट्ट धरतात आणि थर्माकोलसारखा आधार तयार होतो. उत्तराखंडात औद्योगिक हेम्पच्या लागवडीला परवाने आहेत, तिथे चौकशी करा. १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यातली गांजाची व्याख्या फुलोऱ्याच्या शेंड्यांची आहे, खोडाची नाही. तरी बिलावर मालाचं नाव स्पष्ट असू द्या.

हर्ड रात्रभर भिजवून ७०-८० अंशांवर दोन तास तापवा आणि निथळू द्या. मूठ घट्ट आवळल्यावर दोन-तीन थेंबच पडायला हवेत. धार लागली तर आत हवा खेळत नाही आणि माल आंबतो. पूर्ण गार झाल्यावर ओल्या वजनाच्या १० टक्के धिंगरी अळंबीचं स्पॉन (बियाणं) स्वच्छ हातांनी मिसळा, साच्यात दाबून भरा आणि भोकं पाडलेल्या कागदाने झाका. सावलीत २५-२८ अंशांवर आठवडाभरात सगळं पांढरं धरतं. हिरवा डाग दिसला तर तो साचा लगेच बाहेर काढा. ती ट्रायकोडर्मा बुरशी, पावसाळ्यात झपाट्याने पसरते.

अळंबीचे कोंब फुटण्याआधीच साच्यातून काढून ६०-७० अंशांवर वाळवा. १ किलोचा ओला तुकडा साधारण ४०० ग्रॅमवर आला आणि वजन उतरायचं थांबलं की झाला. कच्चा राहिला तर खोक्यातच परत बुरशी धरतो. काजूच्या ड्रायरमध्ये मात्र हे वाळवू नका, बुरशीचे कण गरांवर जातात. हर्डची वाहतूक महाग पडली तर भाताचं पिंजर बारीक कापूनही हीच कृती करता येते.

बाटलीच्या गळ्याशी आणि बुडाशी २५-३० मिलिमीटर जाडी ठेवा. पाणी भरलेली बाटली खोक्यात बांधून एक मीटरवरून कोपऱ्यावर, कडेवर आणि सपाट अशी तिन्ही तऱ्हांनी टाकून बघा. गळ्याशी फुटली तर तिथलीच जाडी वाढवा. सगळीकडे वाढवलीत तर खोकं मोठं होऊन कुरियरचे पैसे उगाच जातात.