तिला बोलतं करू नकोस

प्रिय वॉर्सॉची कोल्हापूरकर,

तू लिहितेस, शेजारी युक्रेनमधल्या खारकीव्हहून युद्धामुळं आलेली बाई आणि तिचं सात वर्षांचं पोरगं राहतं. नवरा तिकडेच आहे. १ ऑगस्टला सायंकाळी ५ वाजता शहरात भोंगे वाजले, तसं पोरगं पलंगाखाली शिरलं ते रात्रीपर्यंत बाहेर येईना. तेव्हापासून तू तिला "सगळं सांगून टाक, मन मोकळं कर" म्हणतेस आणि ती हल्ली दारच उघडत नाही. "ताई, माझं काय चुकलं?"

घाई झाली तुझी. मयताच्या घरी आपण रडून घे म्हणतो, कारण तिथं घडायचं ते घडून गेलेलं असतं. तिचं अजून चालूच आहे. तिच्या फोनवर खारकीव्हच्या हवाई हल्ल्याचा इशारा आजही वाजतो, असं तूच कळवलंस. ते ॲप काढ म्हणून सांगू नकोस. नवऱ्याचा निरोप येईपर्यंत तिच्याजवळ बस, चहा कर, बास. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचा गाभा एवढाच: आधी पाहा, मग ऐका, मग योग्य मदतीशी जोडून द्या. खोदून विचारू नका, असं त्यात बजावलंय. आणि "सगळं ठीक होईल" हेही नको. तुला काय माहीत?

विचारायचंच तर आजचं विचार. झोप लागली का? शाळेची चिठ्ठी वाचून देऊ का? पोलिश भाषा पोराला लवकर येते म्हणून दवाखान्यात त्यालाच दुभाषा करतात, तेवढं होऊ देऊ नकोस, तू जा. १ ऑगस्टचे भोंगे १९४४ साली वॉर्सॉनं नाझींविरुद्ध केलेल्या उठावाच्या आठवणीचे असतात, हे तिला पुढच्या वर्षी आधीच सांग. ३१ डिसेंबरच्या फटाक्यांचंही सांग. २०२२च्या एप्रिलमध्ये स्मोलेन्स्क विमान अपघाताच्या (२०१० साली पोलंडचे राष्ट्राध्यक्ष ज्यात गेले तो) स्मृतिदिनी भोंगे वाजवायचं ठरलं, तेव्हा युक्रेनहून आलेल्या लोकांचा विचार करून कितीतरी पोलिश शहरांनी नकार दिला होता.

तुझ्याच गावाजवळ, वळिवड्याला, १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका-मुलं. सायबेरियाच्या हालांतून आलेली. छावणीत शाळा होती, चर्च होतं, नाटकं व्हायची, मुलांचं स्काउट पथक होतं. मला विचारशील तर त्यांना सावरलं ते असल्या रोजच्या उद्योगांनीच.

पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, पोराकडे लक्ष नाही, दारू वाढली, असं दिसलं तर तुझं काम संपलं आणि डॉक्टरचं सुरू झालं. तिच्या भाषेत बोलणारा मानसोपचारतज्ज्ञ शोधून दे. युक्रेनी की रशियन, हे तिलाच विचार. जीव नकोसा झाल्याची भाषा आली तर एकटं सोडू नकोस, ११२ लाव.

आता दार कसं उघडायचं? माफीबिफी राहू दे. बोर्श्च, म्हणजे त्यांचं बिटाचं सूप, शिकव म्हणून बीट घेऊन जा. नुसतं घेत राहावं लागलं की माणूस अवघडतं गं.

तुझी,
ताई