आलाप कापू नकोस

प्रिय मुली,

काल फोनवर तू म्हणालीस, "काका, साहेबांना चार मिनिटांत रुद्रवीणा हवी आहे," आणि मी हसलो. ते तुला लागलं असणार. तुला हसलो नाही गं, मला माझे जुने साहेब आठवले.

रेकॉर्डिंगमधला आलाप, तालाशिवाय राग हळूहळू उलगडतो तो भाग, कापू नकोस. बाकी हवं ते कर. कव्हर बदल, जागा बदल, ऐकणारी माणसं बदल.

1970 साली कोलंबिया या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीने जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचं 'बिचेस ब्रू' काढलं. दोन तबकड्यांचा संच. पहिल्या तबकडीच्या प्रत्येक बाजूला एकच रचना, त्यातली एक जवळपास 27 मिनिटांची. गुणगुणायला काही सापडेल तर शपथ! कंपनीचे प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस यांनी माइल्सला न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात नेलं, रॉक ऐकणाऱ्या पोरांपुढे, नील यंगच्या कार्यक्रमात. माइल्स आधी खवळला होता. कव्हरवर माटी क्लारवाइनचं चित्र, जॅझच्या कप्प्यात कधी न दिसलेलं. पाच लाखांवर प्रती गेल्या. रेडिओसाठी छोटे तुकडे त्यांनीही काढले, मान्य. पण संच घरी नेणाऱ्याला 27 मिनिटं पूर्ण मिळत होती.

तुझे साहेब म्हणतील, निर्माता टिओ मासेरोने टेप कापलीच होती की! कापली. पण ती रचना उभी करायला, ऐकणाऱ्याची जांभई टाळायला नाही. एवढाही फरक ज्याला कळत नाही, त्याच्याशी वाद घालत बसू नकोस.

आणि 1955 मध्ये अमेरिकेत अली अकबर खाँसाहेबांची एलपी तबकडी निघाली, तिच्या सुरुवातीला व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन स्वतःच्या आवाजात वाद्यं आणि राग समजावून सांगतो. मग सरोद. ओळख करून द्यायला दोन मिनिटं लागू देत, चार लागू देत. ज्याचं लोक ऐकतात असा कुणीतरी शोध आणि त्याला बोलायला लाव. आलापाला मात्र हात लावू नकोस.

मी लावला होता. कॅसेटच्या एका बाजूत विलंबित ख्याल बसत नव्हता, असं मी अजूनही सांगतो. दोन कॅसेटींचा संच काढता आला असता. सगळी बढत, म्हणजे राग हळूहळू फुलवण्याचा भाग, मी उडवली. गाणाऱ्या बाईंनी ऐकलं, "बरं" म्हणाल्या आणि पुन्हा स्टुडिओची पायरी चढल्या नाहीत. कॅसेट खपली हं, चांगली खपली. आणि न कापता ती निघालीच नसती, हेही खोटं नाही. माझं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं, नोकरी कायम व्हायची होती... जाऊ दे. हे तुला कशाला सांगत बसलोय?

सोमवारी मीटिंगला अख्खा आलाप घेऊन जा. मंद्रातला, खालच्या सुरांचा भाग संपेपर्यंत कुणाला बोलू देऊ नकोस. साहेबांनी घड्याळ पाहिलं तर पाहू दे.

बाईंच्या मूळ टेपचं स्पूल माझ्या कपाटात आहे, न कापलेलं. ते वाजवायचं मशीन तुमच्या स्टुडिओत अजून चालू असेल तर कळव.

तुझा,
काका