गॅरेजच्या फोनवर ‘हो’ म्हणू नका, आधी चाक काढून दाखवायला सांगा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०१८ची पेट्रोल हॅचबॅक, ५२,००० किलोमीटर झालेली. नेहमीच्या सर्व्हिसिंगला सकाळी दिली आणि दुपारी गॅरेजमधून फोन आला. ब्रेक पॅड, चारही शॉकर, एसी गॅस, इंजिन फ्लश (औषध घालून इंजिन आतून धुणं), इंजेक्टर क्लीनिंग (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग साफ करणं), सगळं मिळून सव्वीस हजार. गाडी खोलून ठेवलीय, लगेच सांगा. यातलं गरजेचं किती आणि माथी मारलेलं किती, हे कसं ओळखायचं?

मी ठाण्यात मानपाड्याला राहते, ऑफिस महापेला. अकरा वर्षं स्वतः गाडी चालवते आहे आणि असे फोन मला दर वर्षी आले आहेत. त्यामुळे पहिलं सांगते ते हे, की फोनवर कशालाच ‘हो’ म्हणू नका. आपण मीटिंगमध्ये असतो, संध्याकाळी गाडी हवी असते आणि समोरचा म्हणतो ‘खोलून ठेवलीय’. या घाईतच माणूस मान डोलावतो. त्याऐवजी एवढंच म्हणा, ‘ऑइल, ऑइल फिल्टर करून ठेवा. बाकीचं एस्टिमेट पार्टच्या किमती आणि मजुरी वेगळी लिहून व्हॉट्सॲपवर पाठवा. मी येऊन बघते, मग ठरवू.’ आवाज चढवायची गरज नाही. खरं काम सांगणाऱ्याला याचा राग येत नाही.

आणि मग खरोखर जा. तीन वर्षांपूर्वी मला फोन आला होता, ‘मॅडम, पुढचे पॅड पूर्ण संपलेत, डिस्कपण (पॅड जिला दाबून धरतो ती चकती) घासली जाईल.’ लंच टाइममध्ये मी गॅरेजला गेले आणि चाक काढून दाखवायला सांगितलं. पोऱ्याने चाक काढलं, मी मोबाइलचा टॉर्च मारून पाहिलं. पर्समध्ये मुलीची सहा इंची पट्टी होती, ती लावली. पॅडच्या मागच्या लोखंडी पट्टीवरचा घासणारा थर सात मिलिमीटर भरला. नवीन पॅडवर तो साधारण दहा ते बारा असतो आणि तीनच्या आसपास आला की पॅड बदलायचा. सर्व्हिस ॲडव्हायझर लगेच म्हणाला, ‘पुढच्या सर्व्हिसपर्यंत चालतील तसे.’ त्याच पॅडवर गाडी पुढे चौदा हजार किलोमीटर चालली. बघताना आतल्या बाजूचा पॅडही बघा. कधीकधी तो बाहेरच्यापेक्षा लवकर झिजतो आणि वरवर पाहिलं तर कळतच नाही.

पावसाळ्यात रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेक सकाळी करकरतात, तेवढ्यावरून पॅड बदलू नका. डिस्कवर हलका गंज धरलेला असतो, दोन-चार ब्रेक मारले की जातो. मात्र ब्रेक मारताना दर वेळी घर्र घर्र आवाज येत असेल, तर लोखंडावर लोखंड घासत असू शकतं. तिथे एक दिवससुद्धा पैसे वाचवू नका.

शॉकरचं म्हणाल तर चारही एकदम गेलेत असं कोणी म्हणालं की मी आधी गाडीभोवती फिरते. बॉनेटचा एक कोपरा दोन्ही हातांनी दाबायचा आणि सोडायचा. गाडी वर येऊन बसली तर ठीक, झुलतच राहिली तर शॉकर दमलाय. मग चाकामागे बघायचं, शॉकरच्या नळीवरून तेल ओघळून त्यावर धुळीचा चिखल झालाय का. दोन्ही नसेल, तर बदलायचं कारण विचारा. आपल्याकडच्या रस्त्यांवर, विशेषतः घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर, बारीक खड्ड्यांतून जाताना जी खडखड येते ती कितीतरी वेळा लिंक रॉडची, म्हणजे सस्पेन्शनमधल्या एका छोट्या जोडदांड्याची, निघते. लिंक रॉड स्वस्तात होतो आणि शॉकरचा खर्च त्याच्या कितीतरी पट असतो.

एसी गॅस ही तर दर उन्हाळ्याची गोष्ट. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांमधून फिरत असतो. दर वर्षी भरावा लागत असेल तर कुठेतरी लीकेज आहे, आणि ते न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. त्याआधी केबिन फिल्टर बघा. बऱ्याच गाड्यांत तो समोरच्या ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, हाताने निघतो. मेट्रोच्या खांबांचं काम सुरू असताना मी माझा काढला तेव्हा तो राखाडी गोधडीसारखा झाला होता. नवीन टाकला आणि हवा पहिल्यासारखी आली, गॅसला हात लावावा लागला नाही.

इंजिन फ्लश आणि इंजेक्टर क्लीनिंगसाठी गाडीचं मॅन्युअल उघडा. प्लास्टिकच्या पिशवीत तसंच पडलेलं असतं बघा. शेवटी तक्ता असतो, कोणत्या किलोमीटरला काय. तिथे फ्लश लिहिलेला नसेल आणि ऑइल वेळेवर बदललेलं असेल, तर सरळ नाही म्हणा. गाडी धक्के देत नसेल, ॲव्हरेज पडलं नसेल, तर इंजेक्टरलाही हात लावू देऊ नका. याच तक्त्यात ब्रेक ऑइल मात्र असतं, बहुतेक गाड्यांना दोन वर्षांनी. ते हवेतली ओल ओढतं आणि आपल्या हवेत ओल किती हे काय सांगायचं. त्याला ‘लुटतायत’ म्हणून टाळू नका.

हे मुद्दाम लिहिते, कारण मी उलट्या बाजूनेही फसले आहे. एकदा एका ठिकाणी नको ते काम गळ्यात पडलं होतं, त्या रागात होते. त्यानंतर वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या गॅरेजमधले काका म्हणाले, ‘ताई, डाव्या लोअर आर्मचा बुश गेलाय, टायर खाईल.’ म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याच्या सांध्यातलं रबर. मला वाटलं, हेही तसलेच. नको म्हणाले. चार महिन्यांनी पंक्चर काढताना पोऱ्याने स्टिअरिंग पूर्ण वळवलं, तेव्हा दिसलं की बाहेरून धडधाकट वाटणाऱ्या टायरच्या आतल्या कडेची तार उघडी पडली होती. त्या टायरवर मी मुलीला शेजारी बसवून रोज शाळेत सोडत होते. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो. परत त्याच काकांकडे गेले. त्यांनी टॉमी (लोखंडी पहार) लावून बुश हलवून दाखवला. रबर फाटलेलं, सांधा केवढा तरी ढिला. पहिल्या दिवशी मी ‘दाखवा’ म्हटलं असतं तर तेव्हाही त्यांनी दाखवला असता. आता गाडी त्यांच्याकडेच जाते.

दुसऱ्या मेकॅनिकचं मत घेणार असाल तर पहिला काय म्हणाला ते सांगू नका. फक्त ‘पुढून आवाज येतोय, बघा’ म्हणा. दोघांनी न सांगता एकच पार्ट धरला, तर काम करून टाका.

गाडी देताना जॉब कार्डवर, म्हणजे कोणती कामं करायची ते लिहिलेल्या गॅरेजच्या कागदावर, सही करण्याआधी हाताने लिहा: ‘विचारल्याशिवाय जादा काम करू नये, बदललेले जुने पार्ट परत हवेत.’ कार्डाचा फोटो काढा आणि बिल जीएसटीचंच घ्या. न सांगता केलेल्या कामाचे पैसे लावले, तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तिथे तो जॉब कार्डचा फोटोच कामाला येतो.

तुमच्या सव्वीस हजारांचं मी काय करेन? उद्या सकाळी जाऊन पुढची दोन्ही चाकं काढून पॅड बघेन, शॉकर दाबून बघेन, केबिन फिल्टर बदलेन, ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते विचारेन. फ्लश आणि इंजेक्टरवर काट मारेन. पॅडचं माप काय भरलं ते इथे लिहा, सात-आठ असेल तर निर्धास्त गाडी घेऊन या.