पहिली गोकुळाष्टमी करताय? एवढंच सांभाळा

पहिल्याच वर्षी षोडशोपचार, पुरुषसूक्त, सजवलेला पाळणा, असलं काही मनात आणू नका. ते पुढच्या वर्षी बघू. बाळकृष्णाची छोटी मूर्ती, स्वच्छ पाट, तुळस, लोणी आणि दही-पोहे एवढ्यावर पूजा छान होते. तुळस मात्र विसरू नका. आणि ती संध्याकाळ व्हायच्या आत काढून ठेवा, रात्री तुळस तोडत नाहीत.

नवखे हमखास चुकतात ते उपासात. निर्जळ राहायचा हट्ट धरतात आणि जन्माच्या वेळी, मध्यरात्री, डोकं धरून बसतात. फळं, दूध घ्या. नऊ-दहा वाजता तासभर पडा, लाज कसली त्यात!

देवळात जायचं तर गोव्यातल्या माशेलचं देवकीकृष्ण. देवकी आणि बाळकृष्ण एकत्र पुजले जाणारं असं देऊळ विरळाच. हा देव मूळचा चोडण बेटावरचा. जन्माच्या ऐन वेळी पोचलात तर पाठीच दिसतील, तेव्हा तासभर आधी जा, नाहीतर सरळ दुसऱ्या दिवशी सकाळी. छत्री घ्या, श्रावण आहे.

हो, चिखलकाला, म्हणजे माशेलचा चिखलात खेळायचा उत्सव, बघायला म्हणून अष्टमीला माशेलला येणारे दरवर्षी भेटतात. तो आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी होऊन गेलेला असतो.

दिवाडी बेटावर नार्व्याला अष्टमीचं तीर्थस्नान असतं. पोहता येत नसेल तर काठावरच बसून तांब्याने पाणी घ्या. पावसाळी नदी आहे ती.