टीम सारखी हरतेय, कोच बदलावा का?

बदलावा, पण नुसत्या कोचने भागत नाही. एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या डेट्रॉइट पिस्टन्सचंच बघा. २०२३-२४ मध्ये सलग २८ सामने हरले. मोसमअखेर १४ विजय, ६८ पराभव. कोच माँटी विल्यम्सचा करार सहा वर्षांचा, तरी एका मोसमातच नारळ मिळाला. त्यांच्या जागी जे. बी. बिकरस्टाफ आले आणि पुढच्याच मोसमात ४४ विजय!

पण त्याच उन्हाळ्यात टोबायस हॅरिस, मलिक बीझली हे खेळाडूही आले होते ना. बीझलीने एकट्याने तीनशेहून जास्त थ्री (लांबून टाकलेले तीन गुणांचे बास्केट) मारले. आधी टीमचा मुख्य खेळाडू केड कनिंगहॅमने पास दिला तरी बाहेरून खात्रीने टाकणारे मोजकेच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? खेळाडू कोचचं ऐकेनासे झाले असतील, तर मात्र मोसम संपायचीही वाट बघू नये.