डिग्री सोडून मुंबई गाठू का? आणि एडीच्या कामासाठी पैसे भरू का?

साताऱ्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस, दिग्दर्शक व्हायचंय, आणि अंधेरीतला कुणीतरी चाळीस हजार घेऊन असिस्टंट डायरेक्टरचं (म्हणजे एडीचं) काम लावून देतो म्हणतोय. भरू का, असं विचारलंयस.

एक रुपयाही देऊ नकोस. एडीला पैसे मिळतात, त्याच्याकडून कुणी घेत नाही. मिळतात तेही कमी आणि उशिरा. मालिकेत तर 90 दिवसांनी पैसे हा सर्रास व्यवहार आहे, म्हणजे पहिले तीन-चार महिने घरभाडं, वडापाव आणि लोकलचा पास सगळं स्वतःच्या खिशातून. तो हिशोब मांडल्याशिवाय मुंबईची एसटी पकडू नकोस.

डिग्री पूर्ण कर. हे तुझ्या आई-बाबांच्या बाजूने बोलत नाहीये. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी चित्रपट संस्थेच्या दिग्दर्शन, संकलन या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमांना पदवी लागते. शाखा कुठलीही चालते. दीड वर्षासाठी ते दार कशाला बंद करतोस?

आता मुद्द्याचं. तू साताऱ्यात आहेस आणि ही अडचण आहे असं तुला वाटतंय. अरे, वाई आणि मेणवलीचा घाट तुझ्यापासून तासाभरावर. तिथे वर्षभर हिंदी-मराठी शूटिंगची युनिटं येत असतात. बाहेरून आलेल्या प्रॉडक्शनला सकाळी सहाला बैलगाडी हवी असते, ग्रामपंचायतीची परवानगी हवी असते, 'मागच्या लाउडस्पीकरवाल्याला दहा मिनिटं थांबवा' असं सांगणारा कुणीतरी हवा असतो. हे मुंबईच्या एडीला जमत नाही, तुला जमेल. माझी सुरुवात अशीच झाली. चार दिवस मी फक्त गाड्या कुठे लावायच्या ते सांगत होतो, पाचव्या दिवशी शॉटआधी कॅमेऱ्यासमोर क्लॅपची पाटी धरणारा तापाने झोपला आणि पाटी माझ्या हातात आली.

पाटीवर सीन, शॉट, टेक लिहून तिची फळी आपटायची, एवढंच मला माहीत होतं. आवाज वेगळ्या यंत्रावर रेकॉर्ड होतो, आणि एडिटर ती फळी मिटल्याची फ्रेम त्या 'टक्' आवाजाशी जुळवतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यामुळे मी पाटी अर्धी फ्रेमबाहेर धरायचो. साउंडवाल्या दादांनी हेडफोन काढून जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

नंतर कंटिन्युइटी आली, म्हणजे एका शॉटमधलं पुढच्या शॉटशी जुळावं म्हणून सगळं वहीत टिपून ठेवायचं काम. तिथे तर मी कायमचा डाग लावून घेतला. वाइड शॉटमध्ये नटाच्या उजव्या हातात चहाचा कप, भरलेला. क्लोजअप दुसऱ्या दिवशी. वहीत मी 'चहा पितो' एवढंच लिहिलेलं. कुठला हात, कप किती भरलेला, कुठल्या शब्दावर घोट घेतला, काही नाही. एडिटला कळलं तेव्हा नटाच्या तारखा संपलेल्या होत्या. तो सीन तसाच गेला. टीव्हीवर लागला की मी अजून चॅनेल बदलतो.

एकांकिका करत असशील तर एक वर्ष बॅकस्टेज कर. प्रॉपर्टी (नाटकात लागणारं सामान) आणि लाइट सांभाळणारा पोरगा सेटवर लवकर रुळतो. अभिनय करायचा असेल तर तो वेगळा विषय, माझा नाही.

आणि या सुट्टीत मोबाइलवर तीन मिनिटांची फिल्म कर, पण एडिट मित्राला देऊ नकोस, स्वतः बस. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती पुरते. माझ्या पहिल्या फिल्ममध्ये माणूस बाहेरून दार उघडतो आणि पुढच्याच शॉटला आत खाटेवर बसून जेवतोय. आत येतानाचा शॉट घ्यायचाच राहिला होता, आणि ते मला रात्री दोन वाजता टाइमलाइनसमोर बसल्यावर कळलं.